शीर्षक स्वभाषेत, मजकूर इंग्रजीत

१९१६ च्या एप्रिल महिन्यातील शेवटचा शुक्रवार. डब्लिनचे मुख्य टपाल कार्यालय ब्रिटिश तोफांच्या माऱ्याने पेटले होते आणि आतले बंडवाले धुरातून बाहेर पडत होते. त्याच दिवशी, २८ एप्रिलला, बेळगावात लोकमान्य टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली. अध्यक्ष बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा, चिटणीस साहित्यसम्राट न. चिं. केळकर. 'होमरूल' हा शब्द आपण आयर्लंडकडून घेतला तो नेमका अशा घटकेला, की जेव्हा आयरिश तरुणांनी तो टाकून देऊन बंदूक उचलली होती. इतिहास अशी थट्टा क्वचितच करतो.

केळकरांना आयर्लंड नवे नव्हते. 'आयर्लंडचा इतिहास' हा त्यांचा ग्रंथ लीगच्या आधीच प्रसिद्ध झालेला होता. एका परतंत्र देशातील विद्वानाने दुसऱ्या परतंत्र देशाची कहाणी आपल्या लोकांना आपल्या भाषेत सांगावी, यामागे केवढा आत्मविश्वास असेल! त्या देशाचे राजकारण आपण मनापासून अभ्यासले. त्याच्या भाषेची कहाणी मात्र आपण कधी नीट वाचली नाही, आणि आज ती वाचण्याची निकड पिंपरी-चिंचवडइतकी क्वचितच कुठे असेल.

आयर्लंडमध्ये १८३१ पासून सरकारी राष्ट्रीय शाळा निघाल्या. त्या इंग्रजी शिकवीत. पुढे १८४५ पासूनच्या भीषण दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली, त्याहून अधिक देशोधडीला लागली. मेले आणि गेले ते बहुतांशी आयरिश बोलणारे गरीब. उरलेल्यांनी धडा घेतला की भाकरी इंग्रजीत मिळते. अनेक ठिकाणी मुलाच्या गळ्यात काठी अडकवीत. त्याने आयरिश शब्द उच्चारला की तिच्यावर एक खाच, आणि खाचा मोजून शिक्षा. यात सर्वांत बोचणारी गोष्ट ही, की या व्यवस्थेला आईबापांचीही साथ असे. परकी सत्ता भाषेला दारापर्यंतच हाकलू शकते. उंबऱ्याच्या आत तिचे काय करायचे ते घरचेच ठरवतात.

डग्लस हाइड आदींनी १८९३ मध्ये गेलिक लीग स्थापन केली तोवर बराच उशीर झाला होता. पॅट्रिक पियर्स याच लीगच्या मुखपत्राचा संपादक. आयरिश वळणाची शाळा त्याने पदरमोड करून चालवली. परंतु २४ एप्रिल १९१६ रोजी त्याने टपाल कार्यालयासमोर प्रजासत्ताकाचा जो जाहीरनामा वाचला, त्याच्या शीर्षस्थानी आयरिश ओळ होती आणि खालचा सारा मजकूर इंग्रजीत होता. ऐकणाऱ्यांना समजायला हवे ना! आपल्या चिंचवडच्या दामोदर हरी चापेकरांनी १८९८ मध्ये फाशी जाण्यापूर्वी कारागृहात आत्मवृत्त लिहिले ते मराठीत. त्यांना दुसरा विचारही शिवला नसेल.

स्वातंत्र्यानंतर आयर्लंडने काय करायचे ठेवले? १९३७ च्या राज्यघटनेने आयरिशला पहिल्या राजभाषेचा मान दिला, शाळेत ती सक्तीची केली, पंतप्रधानपदाचे नाव आयरिश, संसदेचे आयरिश. २०२२ च्या जनगणनेत १८ लाखांहून अधिक लोकांनी आयरिश येते असे लिहून दिले. पण शाळेबाहेर रोज ती बोलणारे निघाले सुमारे ७२ हजार.

कुणी म्हणेल, बिघडले काय? यीट्स, शॉ, बेकेट, हीनी असे चार नोबेल विजेते त्या चिमुकल्या देशाने दिले. खरे आहे, आणि त्यांची थोरवी नाकारणे हा कोतेपणा ठरेल. पण मार्टिन ओ काइनची आयरिशमधील श्रेष्ठ कादंबरी १९४९ मध्ये आली, तिचे पहिले इंग्रजी भाषांतर छापून निघाले २०१५ मध्ये. तोवर आयर्लंडमधल्याच बहुसंख्य वाचकांना आपल्या देशाचा हा लेखक वाचता येत नव्हता. कादंबरीत स्मशानातली मृत माणसे आपापल्या थडग्यातून बोलत राहतात, हे आणखी एक.

आपल्याकडेही शीर्षके उत्तम आहेत. 'महापौर' हा स्वातंत्र्यवीर सावरकरांनी दिलेला शब्द आपल्या महापालिकेत रुळला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पेढे वाटले गेले, मीही खाल्ले. मजकुराचे काय? उत्तरेतून भोसरीत कामाला आलेल्या मजुराचा मुलगा महापालिकेच्या शाळेत मराठी वाचायला शिकतो आणि प्राधिकरणातल्या आपल्या नातवंडांना 'एकोणसत्तर' म्हणजे किती ते विचारून घ्यावे लागते. शाळेच्या माध्यमावरून मी कुणाला दोष देणार नाही. चाकणच्या जर्मन कारखान्यात मुलाखत कोणत्या भाषेत होते हे मलाही ठाऊक आहे. रात्रीच्या जेवणाचे माध्यम मात्र कोणत्याही कंपनीने ठरवलेले नाही.

गेल्या दिवाळीत पुतण्या त्याच्या सात वर्षांच्या मुलाला घेऊन आला होता. आम्ही चापेकर वाड्यात गेलो. मुलाने मान वर करून मराठी मजकुराकडे पाहिले आणि तिथे काय लिहिले आहे ते मला इंग्रजीत विचारले. मी सांगू लागलो. दोन वाक्ये झाल्यावर ध्यानात आले, की मी इंग्रजीतच सांगत होतो.