‘सुहेली’ कोणाची?

१९६८ साली फाल्मथहून निघून, कोठेही न थांबता, ३१२ दिवसांनी पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणाऱ्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांचे गोडवे आमची सुशिक्षित मंडळी गातात. त्यांची ३२ फुटी ‘सुहेली’ मुंबईत बांधवून घेतलेली, सागवानाची, हे मात्र कोणाच्या गावीही नसते! घाट जुना, चाल मंद, म्हणून नाके मुरडणाऱ्यांस आम्ही विचारतो : शर्यतीतील ९ नौकांपैकी परतली कोणती? स्वयंचलित सुकाणू मोडले, तेव्हा केवळ शिडांचा तोल साधून ती हॉर्न भूशिरापलीकडे गेली. वाकस सुताराने धरला तर जातिधंदा आणि पदवीधराने धरला तर अधोगती, असे मानणाऱ्या आमच्या घरांतून अशी नौका कोण बांधणार?