ज्याचं छप्पर, त्याचा तलाव

जैसलमेरला वर्षाकाठी 200 मिलिमीटर पाऊसही धड पडत नाही. अलिबाग तालुक्यात तो 2000 च्या वर जातो. तरी एप्रिल उजाडला की मांडव्याच्या पट्ट्यात टँकरची चौकशी सुरू होते!

मार्च 2020 मध्ये भाऊच्या धक्क्यावरून रो-रो सुरू झाली आणि मुंबईकर गाडीसकट मांडव्याला उतरू लागला. बंगले आधीही होते, आता त्यांना ऊत आलाय. बंगला म्हटला की हिरवळ आली, पोहण्याचा तलाव आला आणि बोअर तर आलीच.

किनाऱ्यावर जमिनीखालचं गोडं पाणी हलकं, म्हणून ते खाऱ्यावर तरंगतं. गोड्याची पातळी समुद्रापेक्षा 1 मीटर वर असेल तर खाली साधारण 40 मीटर गोडं, हा भूजलवाल्यांचा ठोकताळा. पण तो उलटाही लागू होतो. उपशाने पातळी अर्धा मीटर उतरली, की खार हळूहळू 20 मीटर वर चढतो. जुन्या वाडीवाल्यांनी ही आकडेमोड कधी केली नसेल. पण त्यांची विहीर उथळ नि ऐसपैस, आणि रहाट ओढून ओढून ओढणार किती? पंपाला तेवढी सबुरी नाही.

एका वाडीतल्या काकांनी पोहऱ्यातलं पाणी ओंजळीत ओतलं. मचूळ. “ह्याचा चा फाटतो,” म्हणाले. नारळ अजून तग धरून आहेत, सुपारीने मात्र माना टाकल्यात.

सांबरकुंड धरणाची वाट पाहण्यात तालुक्याची चार दशकं गेली. होईल तेव्हा होवो. मला बोलायचंय ते छपरांबद्दल. 100 चौरस मीटर छपरावर आपल्याकडे वर्षाला 2 लाख लिटर पाणी पडतं. ते विहिरीत सोडा म्हणावं, तर ऐन पावसाळ्यात विहीरच काठोकाठ भरलेली असते. वरचं सगळं ओहोळाने समुद्रात. म्हणून हवी ती टाकी, जैसलमेरकर अंगणात जमिनीखाली बांधत आले तसा झाकलेला टांका. 10 मीटर लांब, 5 मीटर रुंद, दीड मीटर खोल तलावाला 75 हजार लिटर लागतात. म्हणजे निम्मं पाणी साठवलं तरी तलाव भरून वर उरतं. ज्याला कोट्यवधींचा बंगला परवडतो, त्याला टाकी जड जाऊ नये.

नकाशा मंजूर करताना एवढंच विचारावं: तलाव कुठल्या पाण्याने भरणार? उत्तर ‘बोअर’ असेल, तर नकाशा परत.