भाडेवाढीआधी बसला वाट द्या

पुण्याच्या पीएमपी बसचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले, ४० रुपयांचा दैनिक पास ७० रुपयांवर गेला आणि ९०० रुपयांच्या मासिक पासला आता १५०० मोजावे लागतात. १ जून २०२५ पासून लागू झालेल्या या वाढीसाठी प्रशासन सांगते ती कारणे खोटी नाहीत. अकरा वर्षांत भाडे वाढले नव्हते, इंधन महागले, पगार वाढले, तूट फुगली. पण या शहराने स्वतःच्या हाताने जे कारण घडवले, त्याचा उच्चार मात्र कोणी केला नाही. पुण्यातली बस अडकून पडते, म्हणून ती महाग पडते. तिची हक्काची मार्गिका ज्यांनी काढून घेतली त्यांच्याकडे कोणी हिशेब मागितला नाही; हिशेब मागितला तो थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाकडे. हा अन्याय आहे आणि त्याला दुसरे सौम्य नाव देता येत नाही.

संचलनाचे गणित कोणत्याही आगारात समजावून सांगतील. १५ किलोमीटरचा मार्ग घ्या. जाऊन-येऊन ३० किलोमीटर. बस ताशी १० किलोमीटरने रेंगाळली तर एका फेरीला तीन तास जातात आणि दर दहा मिनिटांनी बस द्यायची तर १८ बस लागतात. तीच बस ताशी १५ किलोमीटरने धावली तर फेरी दोन तासांत होते आणि तेवढ्याच सेवेला १२ बस पुरतात. किंवा १८ बस तशाच ठेवल्या, तर प्रवाशाला दहाऐवजी सहा-सात मिनिटांनी बस मिळते. नवी बस घ्यावी लागत नाही, चालक-वाहकांची भरती करावी लागत नाही. फक्त रस्ता मोकळा द्यावा लागतो. ठेकेदारांच्या बसना किलोमीटरमागे पैसे मिळतात, तेव्हा वेगाशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहेच. दिवसात गाडी किती किलोमीटर धावेल हे पाहूनच ठेकेदार आपला दर भरतो. कोंडीची किंमत त्या दरात येते, तिथून तुटीत, तिथून पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका भरून देतात त्या ६०:४० च्या वाट्यात, आणि आता तिकिटात.

हे सारे माहीत असलेले शहर म्हणजे पुणे. कात्रज ते हडपसर ही देशातली पहिली प्रायोगिक बीआरटी, म्हणजे फक्त बससाठी राखलेली मार्गिका, डिसेंबर २००६ मध्ये इथेच सुरू झाली. तिच्या आखणीत चुका होत्या. त्यातून शिकून २०१५ मध्ये संगमवाडी–विश्रांतवाडी आणि पुढल्या वर्षी नगर रस्त्यावर ‘रेनबो’ बीआरटी आली. नगर रस्त्याच्या त्या मार्गिकेचा येरवडा ते विमाननगर पट्टा २०२३ मध्ये उखडला, कोंडी सुटेल या आश्वासनावर. त्याबरोबर काय गेले ते थांब्यावर जाऊन पाहावे. रस्त्याच्या मधल्या स्थानकाचा फलाट बसच्या उजव्या दाराच्या उंचीला होता. काठी टेकत येणारी आजी, कडेवर पोर घेतलेली बाई पायरी न चढता आत जात असे. आता कडेच्या थांब्यासमोर दुचाकी लावलेल्या, त्यांच्यापुढे रिक्षा उभी, म्हणून चालक बस दुसऱ्या रांगेतच थांबवतो. प्रवासी रस्त्यात उतरून, मागून येणाऱ्या मोटारसायकली चुकवत दार गाठतात आणि तोवर वाहक घंटी देतो. त्या बसमागे सगळी वाहतूक थबकते, ती वेगळीच. मार्गिका काढल्याने बस रस्त्यावरून नाहीशी झाली नाही. ती मोटारींच्या रांगेत आली आणि आता दोघी मिळून अडतात.

टॉमटॉमच्या २०२४ च्या वाहतूक निर्देशांकात पुणे जगातल्या सर्वांत संथ शहरांत चौथे आले, दहा किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटे. एक मार्गिका ठेवल्याने सारे शहर सुटले असते असा दावा कोणीही शहाणा माणूस करणार नाही. पण ती काढल्याने सुटेल, हा दावा मात्र जबाबदार पदांवरच्या माणसांनी केला होता. त्यांचा मुख्य मुद्दा असा, की कोंडीत शेकडो वाहने उभी असताना शेजारची मार्गिका रिकामी दिसते. ती रिकामी दिसणारच, कारण तिथली बस निघून गेलेली असते. मिनिटाला एक बस आणि तिच्यात ५० माणसे धरली तरी तासाला ३,००० माणसे जातात. सिग्नलच्या रस्त्यावर एका मार्गिकेतून तासाला साधारण हजारभर मोटारी निघतात. मोटारीत सरासरी दीड माणूस धरा, दीड हजार होतात. वाहने मोजली की मोटारींची मार्गिका भरलेली वाटते, माणसे मोजली की बसची. वाहने नव्हे, माणसे वाहून नेण्याला प्राधान्य द्यावे, असे २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात स्पष्ट लिहिले आहे. बस मिनिटाला एक येत नसेल तर फेऱ्या वाढवा. मार्गिका काढणे हा त्यावरचा इलाज नव्हे.

दुसरा आक्षेप अपघातांचा. तो गंभीर आहे आणि झटकून टाकण्यासारखा नाही. मधल्या स्थानकाकडे जाताना रस्ता ओलांडणाऱ्यांचे जीव धोक्यात येतात, हे खरे. पण त्याचे उत्तर नदीपलीकडे, पिंपरी-चिंचवडमध्ये मिळते. निगडी–दापोडी मार्गाच्या सुरक्षिततेचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. आयआयटी मुंबईकडून तपासणी झाली, त्रुटी दूर करण्यात आल्या आणि ऑगस्ट २०१८ मध्ये त्या मार्गावर बस धावू लागल्या. पीएमपी तीच, चालक तेच. एका महापालिकेने दोष दुरुस्त केले, दुसरीने मार्गच मोडला. दिल्लीत बीआरटी फसली हे उदाहरण हमखास पुढे येते. तिथला ५.८ किलोमीटरचा तुकडा २००८ मध्ये सुरू झाला आणि आठ वर्षांत उखडला. पण त्याच दिल्लीने २०२२ मध्ये निवडक रस्त्यांची डावी बाजू बससाठी राखली आणि नियम मोडणाऱ्यांना दहा हजारांपर्यंत दंडाची तरतूद केली. अहमदाबादची ‘जनमार्ग’ बीआरटी तर २००९ पासून चालूच आहे. पुण्याच्या मार्गिकांत दुचाकी, रिक्षा, मोटारी सर्रास घुसत होत्या आणि तोंडाशी उभा वॉर्डन त्यांना अडवू शकत नव्हता, कारण त्याच्या पाठीशी कोणी नव्हते. राखायचे नाही असे आधी ठरवायचे आणि मग योजना फसली म्हणून जाहीर करायचे, ही पद्धत संतापजनक आहे.

मेट्रो आली, आता बसला वेगळी वाट कशाला, हा युक्तिवाद तर मेट्रोच्याही मुळावर येणारा आहे. नगर रस्त्यावर मेट्रो मार्च २०२४ मध्ये रामवाडीपर्यंत आली. खराडी, वाघोलीच्या माणसाने तिथवर पोहोचायचे कसे? वेळेवर येणारी बस नसेल तर तो दुचाकी काढतो, आणि एकदा दुचाकीवर बसला की स्थानकाशी थांबत नाही, थेट कचेरी गाठतो. अडकलेल्या बससाठी जादा भाडे मोजणे मुंबईकरांनाही नवे नाही. ‘बेस्ट’नेही मे २०२५ मध्ये किमान भाडे ५ वरून १० रुपये केले, तेही गर्दीत तासन्‌तास अडकणाऱ्या बससाठी. राज्यभर हाच क्रम दिसतो: पुलाला पैसा आहे, रस्तारुंदीला पैसा आहे, बसला मात्र तुटीचा दाखला. विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल २०२० मध्ये पाडले, बांधून पुरती दोन दशकेही झाली नव्हती. त्या खर्चाबद्दल कोणत्या मोटारचालकाचा पास महागला? आणि मार्गिका काढण्याच्या व भाडेवाढीच्या निर्णयांबद्दल विचारायचे तरी कोणाला होते? मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यापासून हे निर्णय होईपर्यंत पुणे महापालिकेत नगरसेवकच नव्हते. प्रशासकाने मार्गिका काढली, संचालक मंडळाने भाडे वाढवले, आणि प्रवाशाने बाजू मांडावी असे एकही सभागृह तेव्हा शहरात उरलेले नव्हते.

भाडेवाढ करायची तर आधी पीएमपीने प्रत्येक मार्गाचा गर्दीच्या वेळचा प्रत्यक्ष वेग जाहीर करावा आणि नगर रस्त्यावर बीआरटी असतानाचा व आताचा धावण्याचा वेळ शेजारी शेजारी मांडावा. हे आकडे बसच्या जीपीएसमध्ये आहेत, त्यासाठी समिती लागत नाही. नगर, सोलापूर आणि सातारा या तीन रस्त्यांवर सकाळ-संध्याकाळ बससाठी मार्गिका राखून द्यावी, थांब्यासमोरची पार्किंग हटवावी, बसच्या काचेवर कॅमेरा लावून घुसखोरांना घरपोच चलन पाठवावे आणि आळंदी रस्त्यावर किंवा अन्यत्र बीआरटीचा जो काही भाग शिल्लक असेल त्याला हात लावू नये. तोवर वाढीव भाडे स्थगित ठेवावे, निदान मासिक पासापुरते तरी. कारण १५०० चा पास काढणारा माणूस रोजचा आहे, आणि तोच दुचाकीच्या हप्त्याचा विचार करू लागला आहे.