साखरेपासून केलेली बिनसाखर

गेल्या जानेवारीत अकोल्याच्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शन होते. तेथे मी एक साधा प्रयोग दाखवला. बादलीभर पाण्यात एकाच मापाचे शीतपेयाचे दोन बंद डबे सोडले, एक नेहमीचा आणि दुसरा ‘शुगर फ्री’. नेहमीचा डबा तळाशी गेला, दुसरा तरंगत राहिला. 300 मिलिलिटर पेयात सुमारे 30 ग्रॅम, म्हणजे सहा-सात लहान चमचे साखर असते आणि तिच्यामुळे पेयाची घनता वाढते. आर्किमिडीजचे तत्त्व शिकवायला याहून सोपे साधन मला तरी ठाऊक नाही.

तेवढ्यात मागच्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, “सर, माहा मामा म्हन्ते का हे बी साखरेपासूनच बनोते. मंग इच्यात साखर नाही, असं कसं?”

मामांचे म्हणणे बरोबर आहे. अशा अनेक पेयांत सुक्रालोज हा पदार्थ असतो आणि तो साखरेपासूनच तयार करतात. आपल्या साखरेच्या रेणूत हायड्रॉक्सिल गटांच्या आठ जागा असतात. त्यांपैकी तीन ठिकाणी क्लोरीनचे अणू बसवले की सुक्रालोज तयार होते. 1976 साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात प्रा. लेस्ली हॉफ यांच्या प्रयोगशाळेत साखरेच्या नव्या उपयोगांचा शोध चालू होता. तेथे शशिकांत फडणीस नावाचे तरुण संशोधक काम करीत होते. असे सांगतात, की त्यांना एका संयुगाची ‘टेस्ट’ घ्यायला, म्हणजे चाचणी करायला सांगितले होते; त्यांनी ‘टेस्ट’ म्हणजे चव असे ऐकले आणि पदार्थ जिभेवर ठेवला! तो विलक्षण गोड निघाला. (तुम्ही मात्र प्रयोगशाळेतील कोणताही पदार्थ चाखू नका. असे ऐकण्यातले घोटाळे दर वेळी गोड निघत नाहीत.)

सुक्रालोज साखरेच्या सुमारे 600 पट गोड आहे. म्हणजे 30 ग्रॅम साखरेचे काम 50 मिलिग्रॅममध्ये होते. शिवाय त्याचा बहुतांश भाग शरीरात शोषलाच जात नाही, तसाच बाहेर पडतो. 30 ग्रॅम साखरेतून मिळणारे 120 किलोकॅलरी येथे मिळत नाहीत. जिभेला दोन्ही रेणू गोड वाटतात, पण आतड्यातील विकरांना या बदललेल्या रेणूचे विघटन करता येत नाही.

म्हणून ‘साखरेपासून केलेले’ या शब्दांना मी फारसे महत्त्व देत नाही. पदार्थ कशापासून झाला यापेक्षा त्याच्या रेणूची रचना काय, हे विचारावे. याचे उलट उदाहरण तुमच्या स्वयंपाकघरातच आहे. पाक पुन्हा साखरू नये म्हणून आई त्यात लिंबू पिळते. आम्लामुळे काही साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे होतात. आमच्या प्रयोगशाळेत ध्रुवणमापीतून पाहिले, तर साखरेचे द्रावण ध्रुवित प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळवते; आम्लाबरोबर पुरेसे तापवले की तेच द्रावण डावीकडे वळवू लागते. या मिश्रणाला इन्व्हर्ट शुगर म्हणतात आणि बिस्किटांच्या कारखान्यांत ते सर्रास वापरतात. तेही ‘साखरेपासून केलेले’च, पण कॅलरी जवळपास साखरेइतक्याच.

या दोन टोकांच्या मध्ये आणखी मंडळी आहेत. साखरेपासूनच होणारे आयसोमाल्ट गोडीला साखरेच्या निम्मे. ग्लुकोजपासून होणारे सॉर्बिटॉल जास्त खाल्ले तर आतड्यात पाणी ओढून घेते आणि मग धावपळ होते. तर्षणाचा हा धडा कोणी विसरत नाही. यीस्टच्या साह्याने ग्लुकोजपासून मिळवलेले एरिथ्रिटॉल जिभेवर गार लागते, कारण विरघळताना ते दर ग्रॅमला सुमारे 180 जूल उष्णता शोषते. साखर त्याच्या एकदशांश इतकीच शोषते. परंतु 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रक्तातील जास्त एरिथ्रिटॉल आणि हृदयविकार यांचा संबंध आढळला. संबंध म्हणजे कारण नव्हे, हे खरे. तरीही ते पोटभर खावे असे मी म्हणणार नाही.

प्रदर्शन संपल्यावर तो मुलगा पुन्हा आला. मामांना मधुमेह आहे आणि लग्नात ‘शुगर फ्री’ पेढे असले की ते चार-पाच खातात, असे त्याने सांगितले. माझी खरी तक्रार येथे आहे. पेयातली साखर काढली की तिची जागा पाणी घेते. पेढ्यातून साखर काढली तर तिथे काहीतरी भरावेच लागते. उरतो तो खवा, त्यातले तूप, त्यातली दुग्धशर्करा. कधी माल्टोडेक्स्ट्रिनची भर, आणि ते पिष्टापासूनच होते, साखरेइतक्याच कॅलरी देते. ‘शुगर फ्री’ हे अक्षरशः खरे असू शकते, पण मामा जे समजले ते खरे नाही.

मधुमेह असलेल्या माणसाला बिनसाखरेचा चहा गोड करून मिळणे ही मोठी सोय आहे, आणि ‘केमिकल’ म्हणून तिला नाक मुरडणे मला पटत नाही. परंतु तेरा-चौदा वर्षांच्या निरोगी मुलाला तिची गरज काय? जागतिक आरोग्य संघटनेने मे 2023 मध्ये सशर्त शिफारस केली, की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडकारकांचा वापर करू नये. आधीपासून मधुमेह असलेल्यांना ही शिफारस लागू नाही. शिवाय 600 पट गोड रेणू कॅलरी वाचवतो, पण गोडाची सवय मोडत नाही. वरुड-मोर्शीचे संत्रे सोलून खाल्ले आणि ते आंबट लागले, तर दोष संत्र्याचा नाही.

मे 2025 मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितले. कोणत्या पदार्थात किती साखर, हे त्यावर लिहायचे. आपल्या वऱ्हाडातल्या बहुतेक शाळा राज्य मंडळाच्या आहेत. त्यांनी आदेशाची वाट कशाला पाहावी? शिक्षकांनी एक फळा द्यावा आणि रिकामी वेष्टने मुलांनी गोळा करावीत. माझी सूचना एवढीच, की साखरेच्या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने आखा : गोडकारकाचे नाव, आणि एकूण किलोकॅलरी. पहिली नोंद त्या पेढ्यांच्या डब्याची करा.