बत्तीस मिनिटांचे अंडे आणि शंभर अंड्यांचे पातेले

फेब्रुवारी २०२५ मध्ये इटलीतील नेपल्सच्या फेडेरिको द्वितीय विद्यापीठातील संशोधकांनी ‘कम्युनिकेशन्स इंजिनिअरिंग’ या नियतकालिकात अंडे उकडण्याची एक नवी रीत मांडली. अंडे दोन मिनिटे १०० अंशांच्या पाण्यात, पुढची दोन मिनिटे ३० अंशांच्या पाण्यात. अशा आठ फेऱ्या, एकूण ३२ मिनिटे. बातमी भारतात पोहोचली ती बहुतांशी पाककृती म्हणून, सोबत ‘शास्त्रज्ञांना दुसरे काम नाही का’ हा ठरलेला शेरा घेऊन. तो शेरा चुकीचा आहेच. पण बातमीची पाककृती करून टाकणे ही त्याहून मोठी चूक आहे.

मूळ अडचण अशी की अंडे हा एक पदार्थ नसून एका कवचात कोंडलेले दोन पदार्थ आहेत. पांढऱ्या भागातील प्रमुख प्रथिन, ओव्हाल्ब्युमिन, घट्ट होण्यास ८० अंशांच्या वर तापमान लागते. बलक मात्र ६५ अंशांच्या आसपासच दाटू लागतो. उकळत्या पाण्यात उष्णता बाहेरून आत सरकते; पांढरा भाग नीट होईपर्यंत बलक आपली मर्यादा ओलांडू लागतो. नेपल्सच्या संशोधकांनी यावर काढलेली तोड ही उष्णतावहनाच्या समीकरणाची सुरेख उकल आहे. बाहेरचे तापमान ठरावीक कालाने वरखाली केले, तर तो चढउतार आत शिरताना झपाट्याने विरतो. चार मिनिटांच्या आवर्तनासाठी हिशेब केल्यास ही लाट तीन-साडेतीन मिलिमीटर आत जाईपर्यंत सुमारे एक तृतीयांश उरते. बलकापर्यंत पोहोचते ती केवळ सरासरी. शंभर आणि तीस यांची सरासरी पासष्ट! जुन्या गावांत धान्य साठवण्यासाठी जमिनीत पेव खणत. त्याच्या तळाशी दुपारचे ऊनही जाणवत नसे आणि पहाटेचा गारवाही. पेवाचा तळ आणि अंड्याचा बलक यांचे गणित एकच आहे. हे वाचकांपर्यंत पोहोचायला हवे होते. पोहोचला तो घड्याळाचा आकडा.

घरच्या स्वयंपाकघरात ही रीत कोणी वापरणार नाही, आणि वापरूही नये. दोन पातेली, एक तापमापक आणि अर्ध्या तासाहून अधिक इंधन एका न्याहारीसाठी खर्च करणे परवडणारे नाही. इंधनाचा विषय निघालाच आहे तर एक साधी गोष्ट. पाण्याला उकळी फुटली की, ज्योत कितीही मोठी केली तरी, त्याचे तापमान वाढत नाही. वाढते ती फक्त वाफ. एक लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांवर नेण्यास सुमारे ३१४ किलोज्यूल उष्णता लागते. त्याच पातेल्यातून झाकणाविना २०० मिलिलिटर पाण्याची वाफ झाली, तर सुमारे ४५० किलोज्यूल हवेत जातात. खळखळणारे आधण दिसायला तत्पर दिसते, एवढेच. जास्त वेळ उकळल्याने हाती लागते ते बलकाभोवतीचे हिरवट कडे. पांढऱ्या भागातील गंधक हायड्रोजन सल्फाइडच्या रूपाने सुटते आणि बलकातील लोहाशी त्याचा संयोग होतो. कडे निरुपद्रवी असते, पण ते चुकलेल्या वेळेची साक्ष देते.

भारतासाठी खरा प्रश्न वेगळाच आहे. तमिळनाडूसारख्या राज्यांत शाळेच्या पोषण आहारात अंडे दिले जाते. तेथे अंडी सहा नव्हे, शेकड्यांनी उकडतात. दहा लिटर उकळत्या पाण्यात २८ अंशांची शंभर अंडी एकदम सोडली आणि खालची ज्योत क्षणभर विसरली, तर हिशेबाने सारे मिळून ७८ अंशांच्या आसपास येऊन थांबते. साडेपाच किलो अंडी ही उष्णतेची लहानसहान मागणी नव्हे. ज्योत पाणी पुन्हा उकळीला आणते, पण त्यात कित्येक मिनिटे जातात. म्हणजे एका अंड्यासाठी पाठ केलेली ‘दहा मिनिटे’ येथे लागू पडत नाहीत. वेळ मोजायची ती अंडी पाण्यात टाकल्यापासून नव्हे, तर पुन्हा उकळी फुटल्यापासून.

हा काटेकोरपणा केवळ चवीसाठी नाही. कच्च्या अंड्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतात, आणि ते मरण्यासाठी अंड्याच्या मध्यापर्यंत ७० अंशांच्या पुढची उष्णता पोहोचावी लागते. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर तेलंगणाने २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने २०२५ मध्ये वर्षभराची बंदी घातली, ती याच भीतीपोटी. बंदीची बातमी पहिल्या पानावर आणि नेपल्सच्या अंड्याची बातमी ‘गंमतजंमत’ सदरात. दोन्ही एकाच प्रश्नाच्या बाजू आहेत, हे कोणी जोडून दाखवले नाही.

उंचीचा मुद्दाही तसाच. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे. तेथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते. बलकाच्या मध्यात ७५ अंश गाठायचे असतील, तर समुद्रसपाटीवर अकरा मिनिटांत होणारे काम लेहमध्ये, साध्या गणिताने, चौदा मिनिटांच्या आसपास जाते. आणखी वर, सियाचिनसारख्या ठिकाणी, पांढरा भाग नीट घट्ट होण्याचीच पंचाईत. प्रेशर कुकर तेथे उपयोगी पडतो खरा, पण शिट्यांच्या मोजणीत बलक कोरडा भुसभुशीत होतो, हे कोणत्याही वसतिगृहाच्या मुदपाकखान्यात पाहायला मिळते.

भौतिकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात उष्णतावहनाचे समीकरण धातूच्या सळईवर शिकवले जाते, आणि विद्यार्थी ते परीक्षेपुरते सोडवतात. त्याच प्रयोगशाळेत एक थर्मोकपल, एक डझन अंडी आणि एक मोठे पातेले ठेवले, तर शंभर अंड्यांच्या पातेल्याला प्रत्यक्षात किती वेळ लागतो, हे दुपारभरात मोजून होईल. लेह, उटी आणि चेन्नई येथील तीन महाविद्यालयांनी तेच मोजमाप केले, तर उंचीनुसार वेळेचा तक्ता तयार होईल. तो पोषण आहाराच्या मुदपाकखान्यात भिंतीवर लावता येईल. तक्त्याच्या पहिल्याच ओळीत हवे: घड्याळ दुसऱ्या उकळीपासून.