एक इंजिन, तीन नावे

गेल्या पावसाळ्यात आमच्या नववीच्या वर्गात एक वाद उद्भवला. वर्गातील दोघे विद्यार्थी मातीवरच्या मोटारसायकल शर्यतींचे मोठे शौकीन. त्यांपैकी एकाचे म्हणणे असे की, ऑस्ट्रियाची केटीएम, स्वीडनची हुस्कवार्ना आणि स्पेनची गॅसगॅस या तिन्ही डर्टबाइक आता एकच आहेत. नारिंगी रंग दिला की केटीएम, पांढरा दिला की हुस्कवार्ना आणि तांबडा दिला की गॅसगॅस. दुसऱ्याला हे मुळीच मान्य नव्हते. "सर, तुम्हीच निकाल द्या," असे म्हणून दोघांनी तो वाद माझ्या टेबलावर आणून ठेवला. तास संपल्याची घंटा झाली म्हणून त्या दिवशी निकाल राहून गेला. तो येथे देत आहे.

मूळची ही भावंडे नव्हेत, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. हुस्कवार्ना यांत सर्वांत वडील. १६८९ साली स्वीडनमध्ये बंदुका घडविण्यासाठी निघालेला हा कारखाना १९०३ पासून मोटारसायकली करू लागला, आणि १९६० नंतरच्या दशकात टोर्स्टेन हॉलमन या स्वाराने तिच्यावर बसून २५० सीसी वर्गाचे जागतिक मोटोक्रॉस अजिंक्यपद चार वेळा मिळविले. केटीएमचा उगम १९३४ साली माटिगहोफेन या गावी हान्स ट्रुंकेनपोल्ट्स यांनी काढलेल्या दुरुस्तीच्या दुकानात आहे. गॅसगॅस सर्वांत धाकटी, १९८५ सालची. तिची कीर्ती ट्रायल नावाच्या खेळात, म्हणजे पाय जमिनीला न टेकविता खडकांवरून गाडी सावकाश चढवीत नेण्याच्या कसबात; जोर्डी तारेस याने १९९३ ते १९९५ अशी सलग तीन जागतिक अजिंक्यपदे तिच्यावर मिळविली.

पुढे पैशाच्या ओढाताणीने या निरनिराळ्या घरांतील माणसे एका छपराखाली आली. हुस्कवार्नाचा मोटारसायकल विभाग १९८७ साली इटलीच्या काजिवाने घेतला, २००७ साली जर्मनीच्या बीएमडब्ल्यूने, आणि २०१३ साली तो केटीएमचे प्रमुख श्टेफान पीरर यांच्या उद्योगसमूहाकडे आला. गॅसगॅसमध्ये याच समूहाने २०१९ साली भागीदारी घेतली. तेव्हापासून मोटोक्रॉस आणि एन्ड्युरो या दोन्ही प्रकारांत तिन्ही नावांच्या गाड्यांची इंजिने, गिअरपेट्या आणि चासी बव्हंशी एकाच घडणीच्या असतात.

यात फसवणूक आहे काय? मला तसे वाटत नाही. आपल्या बेळगावच्या उद्यमबागेत ओतकामाच्या व यंत्रकामाच्या कारखान्यांतून राबणाऱ्या पालकांना हे समजावून सांगण्याची गरजच नाही. साच्यातून दहा नग काढा वा दहा हजार, साच्याचा खर्च तोच. वर्षाकाठी थोड्या गाड्या विकणाऱ्या नावाने स्वतंत्र इंजिन घडवू म्हटले, तर एकेका गाडीवर तो खर्च इतका चढेल की ती घेणार कोण? शिवाय गिऱ्हाइकाचाही यात लाभ आहे. डोंगरातल्या शर्यतीत क्लचच्या प्लेटा जळाल्या, तर शेजारच्या तंबूतील दुसऱ्या रंगाच्या गाडीचा भाग बहुधा तसाच्या तसा बसतो. स्वाराच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हे.

तेव्हा खरा प्रश्न, जे वेगळे म्हणून विकले जाते ते हाताला आणि पाठीला वेगळे लागते की नाही, हा आहे. येथे मी दुसऱ्या विद्यार्थ्याच्या बाजूचा आहे. एन्ड्युरो गाडीचे मागचे चाक पाहा. केटीएमने आपल्या एन्ड्युरो गाड्यांत मागचा शॉक ॲब्सॉर्बर थेट स्विंगआर्मला जोडण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालविली. खाली लोंबणारे काही नाही, म्हणून ओंडक्यावरून वा दगडावरून गाडी घासली तरी अडकत नाही. भाग कमी, वंगण देण्याची कटकट कमी. हुस्कवार्नाने, आणि समूहात आल्यावर गॅसगॅसनेही, शॉक व स्विंगआर्म यांच्यामध्ये लिंकेज नावाची जोडणी ठेवली. तिच्यामुळे चाक जसजसे वर दाबले जाते तसतसा विरोध वाढत जातो. बारीक खडबडीवर गाडी मऊ चालते आणि मोठ्या उडीनंतर तळाला आपटत नाही. याची किंमत अशी की, त्या जोडणीतील बेअरिंगे वेळोवेळी उघडून, धुऊन ग्रीस भरावे लागते, आणि चिखलात धावणाऱ्या गाडीची ही चाकरी आळशी माणसाच्या हातून होत नाही. इंजिन तेच, परंतु दगडाळ ओढ्यातून जाणाऱ्याने एक निवडावी आणि लांब, उसळत्या वाटेवर जाणाऱ्याने दुसरी, इतका हा भेद खरा आहे.

बाकीचे भेद असेच वजनदार आहेत, असे मात्र म्हणता येणार नाही. केटीएमला ब्रेम्बोचा क्लच असताना हुस्कवार्नाला काही वर्षे माग्युराचा होता. हँडलही निराळ्या कारखान्याचे होते. हे सारे भाग गिऱ्हाइकाला बाजारातून घेऊन स्वतः बसविता येतात. एवढ्यासाठी कोणी भारी किंमत मागेल, तर "नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा" ही म्हण आठवते. या बाबतीत २०२१ सालच्या तांबड्या गॅसगॅसचे वर्तन मला अधिक सरळ वाटते. तिने इंजिनाचा स्वभाव पालटणारे मॅप स्विच काढून टाकले, यंत्रावर कोरलेल्या ट्रिपल क्लॅम्पऐवजी घडाईचे लावले, आणि तितकी किंमत उतरविली. 'माझ्याकडे हे नाही, म्हणून मी स्वस्त आहे,' असे सांगणाऱ्या दुकानदाराशी माझे भांडण नाही.

आणि ती गाडी काही हलकी ठरली नाही. अमेरिकेतील सुपरक्रॉसच्या २०२१च्या हंगामात ह्यूस्टन येथील पहिलीच फेरी जस्टिन बार्सियाने तिच्यावर जिंकली. डाकारच्या महाशर्यतीत सॅम सदरलंड २०१७ साली केटीएमवर आणि २०२२ साली गॅसगॅसवर पहिला आला. माझा पहिला विद्यार्थी हाच दाखला स्वतःच्या बाजूने देईल, हे मी जाणून आहे!

त्याच्या बाजूने मला याहून मोठी एक गोष्ट मान्य केली पाहिजे, आणि ती कबूल करताना वाईट वाटते. हुस्कवार्ना इटलीस गेली तेव्हा तिच्या काही जुन्या अभियंत्यांनी १९८८ साली स्वीडनमध्ये हुसाबेर्ग नावाने वेगळी चूल मांडली. केटीएमने १९९५ साली ती घेतली. तरीही २००९च्या सुमारास या धाकट्या बहिणीने सिलिंडर ७० अंश पुढे कलविलेले इंजिन बाजारात आणले. तसे इंजिन थोरलीकडे नव्हते. पुढे थोड्याच वर्षांत हुसाबेर्गच्या गाड्यांत केटीएमचीच इंजिने आली, आणि हुस्कवार्ना समूहात येताच हुसाबेर्ग हे नावच मिटले. जी बहीण खरोखर वेगळी होती, तीच नाहीशी झाली. हिशेबाच्या वहीत हे बरोबर असेल. यंत्रविद्येचे त्यात नुकसान झाले, असे मी मानतो.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. पुण्याच्या बजाज ऑटोने २००७ सालीच केटीएममध्ये भांडवल घातले. पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यात केटीएमच्या ड्यूक गाड्या बनू लागल्या, आणि २०२० साली ड्यूक २५०चेच इंजिन घेऊन हुस्कवार्नाच्या स्वार्टपिलेन व विटपिलेन, म्हणजे काळा बाण आणि पांढरा बाण, या रस्त्यावरच्या गाड्याही तेथूनच बाहेर पडल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये केटीएम कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत सापडली, माटिगहोफेनचा कारखाना काही काळ थांबला, आणि एका घराला तडा जाताच तिन्ही नावे एकदम डळमळली. २०२५ साली बजाजने पैसा ओतून नियंत्रण हाती घेतले. तेव्हा कोणती नावे राखावयाची आणि कोणती गाळावयाची, हा विचार आता पुण्यातही होणार. त्या बैठकीत मला कोणी बोलावणार नाही. बोलाविले, तर रंगांविषयी मी एक शब्दही काढणार नाही. हुस्कवार्नाचे लिंकेज आणि गॅसगॅसची ट्रायल गाडी, एवढ्या दोन गोष्टींना हात लावू नका, असे मात्र आग्रहाने सांगेन.