कांदा, सिनेमा आणि वायदा

अमेरिकेच्या कायद्यात एक गमतीशीर कलम आहे. त्यात दोन गोष्टींच्या वायदे व्यवहारांवर बंदी आहे. एक कांदा, दुसरी सिनेमाचा गल्ला!

कांद्याची भानगड जुनी. १९५५ मध्ये व्हिन्सेंट कोसुगा आणि सॅम सीगल या दोघांनी शिकागोत कांद्याचा प्रचंड साठा केला, मग भाव पडणार यावर पैसे लावून तोच माल बाजारात ओतला. कांद्यापेक्षा रिकामी गोणी महाग झाली. लासलगावला हे वेगळं समजावून सांगायला नको. शेतकरी बुडाले आणि १९५८ मध्ये बंदी आली.

सिनेमा त्या कलमात आला २०१० मध्ये. चित्रपट किती कमावेल यावर वायदे सुरू करायला दोन कंपन्या निघाल्या होत्या. नियामकाने हिरवा कंदीलही दाखवला. हॉलिवूडच्या स्टुडिओंच्या संघटनेने आरडाओरडा केला आणि जुलैमध्ये डॉड-फ्रँक कायद्याने दुकान उघडण्याआधीच बंद केलं.

समर्थकांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. शेतकरी भाव पडण्याची जोखीम वायद्याने कमी करतो, मग निर्मात्याने का करू नये? पण पाऊस कुणाच्या हातात नसतो. सिनेमा किती स्क्रीनवर लागणार, तारीख पुढे ढकलायची का, जाहिरातीला किती ओतायचे, हे मूठभर लोक ठरवतात. त्यांच्यातल्याच कुणी सिनेमा पडणार यावर पैसे लावले तर? कमाईसुद्धा त्या सिनेमाचीच कमी होणार. त्यात रविवारी जाहीर होणारे आकडे हे स्टुडिओने स्वतः दिलेले अंदाज असतात, पक्के आकडे सोमवारी येतात. म्हणजे खेळाडूच स्कोअर लिहिणार! आणि ‘बाजाराला हा फ्लॉप वाटतोय’ ही बातमी रिलीजआधीच पसरली, तर नव्या दिग्दर्शकाच्या छोट्या सिनेमाला शो कोण देणार? आम्हाला ती बंदी योग्य वाटते, ती मुख्यतः यासाठी.

तरी हौस गेलेली नाही. तिकडे आज रॉटन टोमॅटोजच्या स्कोअरवर पैसे लावता येतात. आपल्याकडे २०२५ च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, पण ‘फर्स्ट डे किती कोटी?’ची भांडणं फॅन्समध्ये रोज चालू असतात. भांडा खुशाल. पण कुणी त्यावर पैसे लावायला सांगितलं, तर आधी विचारा, ‘कुठला आकडा धरायचा?’ पोस्टरवर एक असतो, ट्रेडवाल्यांकडे दुसरा.